सर्व्हर गेले, जबाबदारी राहिली

आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना सांगताना मी एवढंच सांगतो: आम्ही सॉफ्टवेअर लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालू ठेवतो, बिघडलं तर ठरल्या वेळेत उभं करतो, आणि त्यात होणारा प्रत्येक बदल कुणा जाणत्याच्या नजरेखालून जाईल हे पाहतो. पुण्यात बसून मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. त्यातला मोठा काळ एका विमा कंपनीच्या यंत्रणांवर गेला. आधी त्या नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये होत्या, नंतर क्लाउडवर गेल्या. या स्थलांतरात तंत्रज्ञान बदललं, ते शिकता आलं. त्याहून अवघड होतं ते आमच्या रोजच्या कामाच्या पद्धती पुन्हा मांडणं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या पद्धतींचा पाया होता आयटिल. ब्रिटिश सरकारच्या एका संगणक संस्थेनं १९८०च्या दशकात सरकारी खात्यांसाठी ही चौकट उभी केली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. इन्सिडंट, प्रॉब्लेम, चेंज, कॉन्फिगरेशन, कपॅसिटी अशी कामाची रीतसर विभागणी तिनं दिली. मला या चौकटीबद्दल आजही आदर आहे. पुण्या-मुंबईतल्या हजारो मुलामुलींनी शिस्तीत काम करणं म्हणजे काय हे तिच्यातूनच शिकून घेतलं. पण ती घडली तेव्हा सर्व्हर ही विकत घ्यायची, रॅकमध्ये बसवायची आणि पाच वर्षं वापरायची वस्तू होती. प्रत्येक प्रक्रियेत हे गृहीतक मुरलेलं होतं.

सुरुवात कपॅसिटीपासून करतो, कारण आमच्या कामात माणसांचं नुकसान तिथेच सर्वांत जवळ होतं.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून सुरू झाली. गारपीट झाली, शेतात पाणी साचलं, किंवा कापून सुकायला ठेवलेलं पीक पावसात भिजलं, तर शेतकऱ्यानं ७२ तासांच्या आत कळवायचं, असा तिचा नियम. आम्ही सांभाळत होतो त्या यंत्रणांपैकी एक होती या सूचना नोंदवून घेणारी. टोल-फ्री क्रमांकावर फोन आला की ऑपरेटर गट क्रमांक, पीक, नुकसानीचं कारण भरणार आणि शेतकऱ्याला डॉकेट क्रमांक देणार. एरवी दिवसभर ही यंत्रणा जवळपास रिकामी असे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, मराठवाड्यात सोयाबीन कापून शेतात पडलेलं असलं, की दुसऱ्या दिवशी सकाळपासून नोंदींचा लोंढा सुरू होई. स्क्रीन अडकली तर तिकडे फोनवर थांबलेल्या माणसाचे तास संपत असत.

जुन्या पद्धतीत अशा लोंढ्यासाठी सर्व्हर वाढवायचा म्हणजे इंडेंट, तीन कोटेशनं, परचेस ऑर्डर, माल येणं, रॅकमध्ये जागा, वीज, केबल, आयपी, बॅकअप, मॉनिटरिंग. सगळं सुरळीत झालं तरी तीन-चार महिने सहज जात. म्हणून कपॅसिटी मॅनेजमेंट म्हणजे वर्षातून एकदा मागच्या वर्षीचे आकडे काढून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा, त्यावर थोडी वाढ धरायची आणि खरेदी करायची. अंदाज कमी पडला तर हंगाम हातचा गेला. जास्त झाला तर लाखोंची मशीनं वर्षभर नुसती गरम होत राहिली.

क्लाउडवर आल्यावर गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात. सादरीकरणात ही ओळ सगळेच ऐकतात. खरं काम त्या ओळीच्या पुढे सुरू होतं. खरिपाआधी आम्ही लोड टेस्ट घेतली तेव्हा ॲप्लिकेशनचे सर्व्हर सहावरून वीसवर व्यवस्थित गेले, आणि यंत्रणा आधीपेक्षा मंद झाली. प्रत्येक सर्व्हर डेटाबेसशी पन्नास कनेक्शन उघडून ठेवत होता. सहा सर्व्हर होते तेव्हा तीनशे, वीस झाले तेव्हा हजार. पुढचे सर्व्हर वाढत गेले, मागचा डेटाबेस तेवढाच राहिला, आणि सगळी रांग त्याच्या दारात लागली. मधे कनेक्शन वाटून देणारा पूलर बसवला, वाढीला वरची मर्यादा घातली, तेव्हा गाडी रुळावर आली. खात्यावर किती सर्व्हर उभे करता येतील याला पुरवठादाराचीही मर्यादा असते. ती वाढवून घ्यायला अर्ज करावा लागतो आणि तो आधीच करून ठेवायचा असतो. म्हणजे कपॅसिटीचं काम संपलं नाही. खरेदीची यादी गेली, तिच्या जागी ‘कुठला भाग वाढतो आणि कुठला वाढत नाही’ याचा अभ्यास आला.

दुसरा बदल चेंज मॅनेजमेंटमध्ये झाला आणि त्यावर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाले.

दर गुरुवारी दुपारी कॅबची, म्हणजे चेंज ॲडव्हायझरी बोर्डाची बैठक असे. प्रॉडक्शनमध्ये काही बदलायचं तर आधी चेंज रेझ करायचा, त्यात पायऱ्या, चाचणीचा पुरावा, रोलबॅक प्लॅन, डाउनटाइम लिहायचा, बैठकीत उभं राहून उत्तरं द्यायची, मग शनिवारी रात्रीची वेळ मिळायची. क्लाउडवर आल्यावर डेव्हलपरांची टीम छोटे छोटे बदल दिवसातून अनेकदा सोडू शकत होती. गुरुवारची वाट पाहत ते बदल साठत गेले, की शनिवारी एकदम मोठी गाठोडी सुटायची, आणि काही बिघडलं तर नेमक्या कुठल्या बदलानं बिघडलं हे शोधण्यात रात्र जायची.

याबाबत निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या ‘ॲक्सिलरेट’ या २०१८च्या पुस्तकातला निष्कर्ष आमच्या चर्चेत फार उपयोगी पडला. टीमबाहेरच्या मंडळाकडून मंजुरी घ्यावी लागते तिथे बदल पोचायला वेळ जास्त लागतो, बिघाडातून सावरायलाही जास्त लागतो, आणि बदल फसण्याचं प्रमाण मात्र त्यामुळे कमी होत नाही, असं त्यांच्या पाहणीत दिसलं होतं. २०१९ साली आलेल्या आयटिलच्या चौथ्या आवृत्तीनंही प्रत्येक बदलासाठी एकच मंडळ बसवण्याचा आग्रह धरलेला नाही. मंजुरी कुणी द्यायची हे बदलाच्या स्वरूपावरून ठरवा, असं ती सांगते.

तरीही कॅब एका दिवसात बंद करायला माझा ठाम विरोध होता, आणि त्याचं कारण त्या बैठकीतली माणसं होती. आमच्या स्टोरेज टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना दादा म्हणत. फॉर्ममधलं ते फारसं वाचत नसत. तारीख पाहत आणि विचारत, “त्या रात्री बँकेची फाइल येते, ती कधी संपते ते विचारलंय का?” फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात हा प्रश्न नव्हता. महिनाअखेरीला काय चालतं, कुठला जॉब उशिरा संपतो, कुठल्या दोन यंत्रणा कागदावर स्वतंत्र असूनही आतून एकमेकींवर टेकलेल्या आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कॅबचा खरा ऐवज तो होता. बैठक बंद केली असती तर वेळ वाचला असता आणि हा ऐवज गेला असता.

म्हणून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. दादा आणि त्यांच्यासारख्या जाणत्यांना डेव्हलपरांच्या शेजारी बसवलं आणि कॅबमध्ये वर्षानुवर्षं विचारले गेलेले प्रश्न लिहून काढले. त्यातले बरेच प्रश्न पाइपलाइनमध्ये तपासण्या म्हणून घालता आले. बँकेची फाइल चालू असेल तर डेटाबेसचा बदल पुढे सरकणारच नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणीच्या यंत्रणेला हात लावायचा तर दोघांची संमती लागेल. नव्या आवृत्तीवर आधी थोडीच रहदारी सोडायची, चुकांचं प्रमाण वाढलं तर ती आपोआप मागे घ्यायची. अशा चौकटीत बसणारे बदल पूर्वमंजूर ठरवले. उरले ते खरोखर जोखमीचे: डेटाची रचना बदलणारे, नेटवर्कला हात लावणारे, परत फिरता न येणारे. कॅब आता फक्त त्यांच्यासाठी बसते आणि बैठकीत चर्चा नीट होते, कारण पंचवीस किरकोळ फॉर्म उरकायची घाई नसते.

माणसाला ‘जपून करा’ असं बजावण्यापेक्षा साधनातच मर्यादा घालणं किती महत्त्वाचं, याचं जगजाहीर उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७चं आहे. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एस-थ्री साठवण सेवेत बिलिंगचा एक प्रश्न सोडवताना काही थोडे सर्व्हर काढायची कमांड दिली गेली. तिच्यात एक नोंद चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवा सुमारे चार तास विस्कळीत राहिली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट आणि ॲप अडखळली. कंपनीनं नंतर त्या साधनातच दुरुस्ती केली: सर्व्हर हळूहळूच निघतील, आणि किमान गरजेच्या खाली संख्या जाऊच देणार नाही. याच घटनेत आणखी एक गोष्ट दिसली. सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा डॅशबोर्डही त्याच एस-थ्रीवर टेकलेला असल्यानं बराच वेळ अद्ययावत करता आला नाही. आमच्या इन्सिडंटच्या पद्धतीत तेव्हापासून एक नियम पक्का आहे: पुरवठादाराचं स्टेटस पेज हिरवं दिसतंय म्हणून थांबायचं नाही. आपल्या सेवेची नाडी आपण, बाहेरून, स्वतंत्र ठिकाणाहून तपासायची.

इन्सिडंट हाताळताना जुन्या काळी मेजर इन्सिडंटच्या ब्रिज कॉलवर सर्व्हरवाला, नेटवर्कवाला, डेटाबेसवाला, सगळे आपलेच असत. आता त्यातला एक मोठा पक्ष कॉलवर नसतो. त्याला तिकीट टाकायचं आणि आपल्या सपोर्ट प्लॅनप्रमाणे उत्तराची वाट पाहायची. त्यामुळे ‘त्यांच्याकडे बिघडलंय’ हे वाक्य फार लवकर तोंडी येतं. मी ते ब्रिजवर शेवटचं वाक्य होऊ देत नाही. पुढचा प्रश्न लगेच विचारतो: मग ते चालू होईपर्यंत आपण शेतकऱ्याची सूचना कशी नोंदवून घेणार? दुसऱ्या झोनमधून? साध्या फॉर्मवर उतरवून, नंतर भरून? यांपैकी काहीतरी आधीच ठरलेलं आणि सराव केलेलं असायला हवं.

एसएलएचं, म्हणजे सेवेच्या लेखी हमीचं गणितही इथेच समजून घ्यावं लागतं. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटांचा बंद. ऐकायला ठीक. पण आपली यंत्रणा अशा तीन सेवांवर एकापाठोपाठ एक टेकलेली असेल, तर तिघींचा गुणाकार ९९.७ टक्क्यांवर येतो, म्हणजे महिन्याला दोन तासांहून जास्त. शिवाय हमी मोडली तर पुरवठादार बिलात सूट देतो. त्या सुटीनं ७२ तासांतले गेलेले तास परत येत नाहीत. कंपनीनं शेतकऱ्याला जो शब्द दिलेला आहे त्याचा एसएलए आपणच लिहायचा आणि आपणच पाळायचा. पुरवठादाराचा करार हा त्यातला फक्त एक घटक आहे.

प्रॉब्लेम मॅनेजमेंटला वेगळाच धक्का बसला. आजारी सर्व्हर दिसला की ऑटोस्केलिंग त्याला काढून नवा उभा करतं. वापरणाऱ्याची सोय होते, पण बिघाडाचा पुरावा त्या सर्व्हरबरोबर जातो. आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल लिहायला बसलं की हातात काहीच नसतं. म्हणून लॉग क्षणोक्षणी बाहेर पाठवणं, आणि सर्व्हर काढण्याआधी त्याच्या डिस्कची प्रत ठेवणं, या गोष्टी आम्ही सक्तीच्या केल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनी तर लॉग जपणं ही कायद्याचीच गरज झाली. सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. सर्व्हर काही तासांचा पाहुणा असला तरी त्याच्या लॉगची जबाबदारी सहा महिन्यांची आहे.

सीएमडीबीचं, म्हणजे सगळ्या यंत्रणांच्या नोंदवहीचंही तेच. पूर्वी वर्षातून एकदा बारकोड घेऊन रॅक तपासायची आणि यादी जुळवायची. आता सकाळी असलेले सर्व्हर संध्याकाळी नसतात. यादीत सर्व्हर लिहिण्यापेक्षा सेवा, तिची अवलंबनं आणि तिचा धनी लिहिणं जास्त मोलाचं ठरतं. आमच्याकडे धनी, प्रकल्प आणि खर्चाचं खातं हे तीन टॅग नसतील तर काहीच उभं राहत नाही. याच टॅगनी बिलाचा प्रश्नही सोडवला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच वापर असलेली चाचणीची यंत्रणा आठवड्याच्या १६८ तासांपैकी फक्त ६० तास लागते. उरलेल्या वेळेत ती बंद ठेवली की त्या सर्व्हरचा तासांवर मोजला जाणारा खर्च जवळपास दोन-तृतीयांशानं कमी होतो. पण बंद करायची का, हे विचारायला आधी तिचा धनी माहीत हवा.

आपल्या मंजुरीशिवाय आत येणाऱ्या बदलांचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं, सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ज्या संस्थांनी सॉफ्टवेअरची मुद्दाम एक आवृत्ती मागची ठेवण्याची खबरदारी घेतली होती, त्यांच्याकडेही हे अपडेट पोचलं, कारण त्याची वाट वेगळी होती. आपली कॅब कितीही चांगली असो, हा बदल तिच्यासमोर येणारच नव्हता. म्हणून आता पुरवठादार निवडताना मी किमतीआधी हे विचारतो: तुमचे बदल आमच्यापर्यंत कुठल्या कुठल्या वाटांनी येतात, ते टप्प्याटप्प्यानं घेण्याची सोय आहे का, आणि थांबवायची कळ कुणाच्या हातात आहे?

आता माणसांबद्दल, कारण या सगळ्या बदलात त्यांचाच विचार सर्वांत कमी होतो.

आमच्या एल-वन, म्हणजे पहिल्या फळीच्या टीममधली बरीच मुलं सोलापूर, लातूर, परभणीकडची. रात्रपाळीत अलर्ट पाहायचे, लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे सर्व्हिस रीस्टार्ट करायची, नाही जमलं तर एल-टूला उठवायचं. क्लाउडवर यातलं बरंचसं काम आपोआप होऊ लागलं, आणि वरच्या बैठकांत ‘किती माणसं कमी होतील’ हा हिशेब सुरू झाला. त्याच दिवसांत लातूरकडच्या एका मुलीनं शिफ्ट हँडओव्हरच्या वेळी मला सांगितलं, “सर, घरी बोलले आत्ता. तिकडे धो धो पाऊस लागलाय. उद्या नऊपासून नोंदी वाढणार. सर्व्हर वाढायला पाच-सात मिनिटं घेतात, तेवढ्यात रांग लागते. आज रात्रीच वाढवून ठेवूया का?” आम्ही ठेवले. सकाळी लोंढा आला आणि यंत्रणेनं तो शांतपणे झेलला.

पुढच्या आठवड्यात मी तिला डेव्हलपरांबरोबर बसवलं. हवामान खात्यानं विमाक्षेत्रातल्या जिल्ह्यांना ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की त्या संध्याकाळीच सर्व्हरची किमान संख्या वाढवायची, असा नियम तिनं स्वतः लिहिला, तपासून घेतला आणि प्रॉडक्शनला नेला. कपॅसिटीच्या कुठल्याही अहवालात हा संबंध दिसला नव्हता. तो दिसला होता रोज रात्री अलर्ट पाहणाऱ्या आणि पावसाळ्यात घरी फोन करणाऱ्या मुलीला. ज्या कामाला सगळे ‘नुसतं मॉनिटरिंग’ म्हणत होते, त्यात हे ज्ञान साठत आलं होतं.

डेटा सेंटरच्या काळात आमचं शहाणपण प्रत्येक मंजुरीच्या वेळी, समोरासमोर, तोंडी वापरलं जाई. क्लाउडवर तेच शहाणपण आधीच नियमांत उतरवून ठेवावं लागतं, कारण बदलाच्या क्षणी विचारायला कुणी बसलेलं नसतं. नियम लिहिला म्हणून काम संपत नाही. बँकेच्या फाइलची वेळ बदलते, पिकांचा हंगाम सरकतो, आणि नियमाला धनी नसेल तर तो चुकीचाच राबत राहतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नियमासमोर एका माणसाचं नाव आहे आणि हंगामाआधी त्यानं तो पुन्हा वाचून सही करायची असते.

क्लाउडवर जायच्या तयारीत असलेल्या संस्थांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे. स्थलांतराच्या आराखड्यात सर्व्हर, डेटा, नेटवर्क यांचे टप्पे असतातच. जाणत्या माणसांकडून प्रश्न लिहून घेणं आणि त्यांचे नियम करणं यासाठी वेगळे महिने आणि वेगळा निधी त्यात धरा, आणि हे काम पूर्ण होईपर्यंत ऑपरेशन्समधल्या एकाही माणसाला ‘आता गरज नाही’ म्हणून सोडू नका. त्याच्याकडे काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तो गेल्यावर विचारता येत नाही. दादा निवृत्त झाले. त्यांच्या प्रश्नांतून घडलेल्या तपासण्या आजही प्रत्येक बदलाला अडवून विचारतात, आणि त्या जपायचं काम आता त्या लातूरच्या मुलीच्या टीमकडे आहे.